हाली रुपयाचा दिवाण : सर सालारजंग (1829-1883)

वालूर असो, सेलू असो की परभणी, निकाह लागताना काझीसाहेब महरची रक्कम सांगतात आणि लगेच तीन शब्द जोडतात : सिक्का रायजुल वक्त. मंडपातली मंडळी ते ऐकतात, वकील-गवाह मान डोलावतात आणि पुढचं काम सुरू होतं. या शब्दांचा अर्थ एवढाच की त्या घडीला जो सिक्का चलनात असेल, त्यात ही रक्कम. आता रुपया एकच आहे, त्यामुळे कुणाला त्यात विशेष वाटत नाही. पण आपल्या पणजोबा-पणजीच्या काळी हे तीन शब्द फार मोलाचे होते. तेव्हा मराठवाड्यात एक नाही, दोन रुपये चालायचे. निजाम सरकारचा हाली आणि इंग्रज सरकारचा कलदार. दिसायला दोन्ही रुपयेच, पण सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे.

समजा एखाद्या बाईचा महर 700 रुपये ठरला. कागदावर कलदार लिहिलं असेल तर तिला 700 कलदार मिळणार. हाली लिहिलं असेल तर तेच 700 म्हणजे 600 कलदार. आणि काहीच लिहिलं नसेल तर भांडण ठरलेलं. एका शब्दावर 100 रुपयांचा फरक, आणि त्या काळी 100 रुपयांना किंमत होती.

हा हाली रुपया ज्यांच्या कारकिर्दीत संस्थानाचा खरा एकच रुपया झाला, ते हैदराबादचे दिवाण मीर तुराब अली खान, म्हणजेच सर सालारजंग पहिले. 8 फेब्रुवारी हा त्यांचा वफातीचा दिवस. हैदराबादचं सालारजंग म्युझियम पाहायला आपल्यापैकी बरेच जण गेलेले असतात. ते म्युझियम त्यांच्या नातवाच्या संग्रहातून उभं राहिलं. पण आजोबांनी आपल्या मराठवाड्यासाठी काय केलं, हे आपल्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट, आणि तीही रुपयाच्या बाजूने.

दिवाणांच्या घरात जन्म

मीर तुराब अली खान यांचा जन्म जानेवारी 1829 चा. घराणं मूळचं अरबस्तानातून दख्खनमध्ये आलेलं मानलं जातं. आधी विजापूरच्या आदिलशाहीत, नंतर मोगलांकडे आणि मग निजामांकडे या घराण्याने चाकरी केली. पणजोबा मीर आलम दिवाण होते, आजोबा मुनीरुल्मुल्क दिवाण होते, चुलते सिराजुल्मुल्कही दिवाण झाले. वडील लवकर वारले. त्यामुळे मुलाचं संगोपन घरातल्या वडीलधाऱ्यांनीच केलं. फारसी, अरबीचं शिक्षण झालं, थोडं इंग्रजी शिकले. एकोणीस-वीस वर्षांचे असताना काही महिने तेलंगणातल्या एका भागाची तालुकदारी त्यांच्याकडे आली. खेड्यातला महसूल कसा गोळा होतो, कुठे गळतो आणि रयत कुठे भरडली जाते, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

मे 1853 मध्ये हैदराबादवर मोठं संकट आलं. निजामाच्या नावाने इंग्रजांनी उभी केलेली फौज होती, कंटिंजंट म्हणतात ती. तिच्या पगारापोटी संस्थानावर कर्ज चढत गेलं होतं. त्या कर्जाचं कारण पुढे करून इंग्रजांनी 21 मे 1853 ला तह करून घेतला आणि वऱ्हाड, धाराशिवचा भाग व रायचूर दुआब आपल्या ताब्यात घेतले. तहानंतर काही दिवसांतच सिराजुल्मुल्क वारले. आणि 31 मे रोजी निजाम नासिरुद्दौला यांनी चोवीस वर्षांच्या पुतण्याला दिवाणी दिली. वारशात काय मिळालं? रिकामा खजिना, गेलेले जिल्हे आणि दारात उभे असलेले सावकार.

एकाच राज्यात किती रुपये!

त्या वेळची नाण्यांची अवस्था समजून घेतल्याशिवाय सालारजंग यांचं काम कळणार नाही.

संस्थानात टाकसाळ एक नव्हती. हैदराबादची वेगळी, औरंगाबादची वेगळी, गदवाल, नारायणपेठ अशा समस्थानांच्या वेगळ्या. शिवाय सावकारांना टाकसाळीचा मक्ता मिळायचा. औरंगाबाद सुभ्यात राजा गोविंदबक्ष यांच्या नावावरून गोविंदबक्षी रुपया चालायचा. पेस्तनजी या पारशी सराफांनी पाडलेल्या रुपयाला लोक पेस्तनशाही म्हणायचे. त्यात कुणाची चांदी जास्त, कुणाची कमी, कुणाचं वजन झिजलेलं. वर कंपनी सरकारचा यंत्रावर पाडलेला रुपया होताच. यंत्राला कल म्हणतात, म्हणून तो कलदार.

आता वालूरच्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. गाव तसं जुनं, देखण्या बारवांसाठी ओळखलं जाणारं. शेतात ज्वारी आणि कापूस. उत्तरेला जिंतूर ओलांडलं की वऱ्हाड लागतं आणि 1853 नंतर तिथे इंग्रजांचा अंमल, म्हणजे कलदाराचं राज्य. जवळच हिंगोलीला कंटिंजंटची छावणी, तिथल्या बाजारातही कलदार खुळखुळतो. कापूस घ्यायला आलेला व्यापारी एका सिक्क्यात पैसे देतो. सरकारी वसुली करणारा मक्तेदार म्हणतो, मला हा रुपया चालणार नाही, तो आण. मग शेतकरी सराफाकडे जातो. सराफ रुपया दगडावर वाजवून पाहतो, घासतो, तोलतो आणि बट्टा कापून दुसरा रुपया हातात ठेवतो. बाजारात मीठ-तेल घ्यायचं तर चांदीचा रुपया मोडून तांब्याचे ढब्बू घ्यायचे, आणि तिथेही भाव आजचा वेगळा, उद्याचा वेगळा.

म्हणजे पीक एकदाच आलं, पण बट्टा दोन-तीनदा गेला. हा बट्टा कुठल्याही कायद्यात लिहिलेला कर नव्हता, तरी सगळ्यात गरीब माणूसच तो जास्त भरायचा. कारण मोठ्या सावकाराला भाव माहीत असतो, तो थांबू शकतो. शेतकऱ्याला हप्त्याची तारीख गाठायची असते.

मक्ता मोडला, टाकसाळ एक केली

सालारजंग यांनी सुरुवात खजिन्यापासून केली. तोपर्यंत दिवाणाला पैशाची गरज पडली की सावकाराकडून, नाहीतर अरब-रोहिल्यांच्या जमादारांकडून कर्ज घ्यायचं आणि बदल्यात तालुकेच्या तालुके त्यांच्याकडे गहाण टाकायचे, ही रीत होती. गहाण घेणारा आपली वसुली करायचा, रयतेचं काय होतं याच्याशी त्याला घेणं नव्हतं. सालारजंग यांनी हळूहळू हिशेब तपासले, व्याज कमी करायला लावलं आणि एकेक तालुका सोडवून सरकारी अंमलाखाली आणला. फौजेचे पगार वेळेवर देण्याकडे लक्ष दिलं, म्हणजे जमादारांना खेड्यात घुसून वसुली करायला निमित्त उरू नये.

दुसरं काम टाकसाळीचं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आणि सावकारांच्या टाकसाळी बंद करत आणून नाणं पाडण्याचं काम हैदराबादच्या सरकारी टाकसाळीत एकवटलं. तिथल्या रुपयाला नाव पडलं हाली सिक्का. हाली म्हणजे हालचा, सध्याचा, आज चालू असलेला. निकाहातलं रायजुल वक्त आणि हा हाली, दोन्हींचा मतलब एकच. पुढे निजाम उस्मान अली खान यांच्या काळात त्यालाच सिक्का उस्मानिया असंही म्हणू लागले.

सगळी जुनी नाणी एका रात्रीत गेली नाहीत. समस्थानांची काही नाणी पुढेही फिरत राहिली. पण सरकारचा सारा कोणत्या रुपयात भरायचा हे नक्की झालं आणि सराफाच्या दगडाची ताकद बरीच कमी झाली.

नाण्यावरचं नाव आणि 92 चा आकडा

इथे 1857 चा विषय येतो आणि तो टाळून चालणार नाही.

तोपर्यंत हैदराबादचे निजाम स्वतंत्रपणे कारभार करत असले तरी नाण्यावर नाव दिल्लीच्या मोगल बादशहाचं असायचं. निजामाच्या नावाचं फक्त एक अक्षर कोपऱ्यात. मे 1857 मध्ये उत्तरेत उठाव झाला, त्याच महिन्यात नासिरुद्दौला वारले आणि अफजलुद्दौला गादीवर आले. हैदराबाद शहरात वातावरण तापलं. 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढाकाराने रोहिले आणि शहरातले लोक इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर चालून गेले. सालारजंग यांनी मात्र इंग्रजांची बाजू धरली आणि रेसिडेंटला सावध केलं. हल्ला फसला. तुर्रेबाज खान मारले गेले, मौलवी अलाउद्दीन यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

सालारजंग यांच्यावरचा हा डाग आहे, असं मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. दुसरी बाजू अशी की त्यांच्यासमोर चार वर्षांपूर्वी गेलेलं वऱ्हाड होतं, आणि हैदराबाद उठावात पडलं तर उरलेलं संस्थानही जाईल, अशी भीती होती. राज्य वाचलं हे खरं. त्याची किंमत दुसऱ्यांनी प्राणांनी मोजली, हेही खरं. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

दिल्लीची बादशाही संपली, बहादूरशाह जफर रंगूनला गेले. आता नाण्यावर कुणाचं नाव घालायचं? इंग्रजांच्या राणीचं नाव हैदराबादच्या रुपयावर आलं नाही. नव्या नाण्यावर पहिले निजाम आसफजाह निजामुल्मुल्क यांचं नाव आलं आणि सोबत 92 हा आकडा. अबजद पद्धतीने मोजलं तर मुहम्मद या नावातल्या मीमचे 40, हेचे 8, पुन्हा मीमचे 40 आणि दालचे 4, मिळून 92 होतात. नाणं हातोहात फिरतं, कुठेही पडतं. म्हणून पाक नाव अक्षरांत न लिहिता आकड्यात ठेवलं, असं जाणकार सांगतात. कारण काहीही असो, हिंदू-मुसलमान, शीख-पारशी सगळ्यांच्या खिशात तो रुपया नव्वद वर्षं फिरला.

1860 च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले आणि 50 लाखांचं कर्ज माफ झालं. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं.

सहा आणि सातचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हाली आणि कलदार यांचा भाव ठरायचा कसा?

पाया होता चांदीचा. कलदार रुपया 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे 165 ग्रेन शुद्ध चांदी. हाली रुपया वजनाला थोडा हलका आणि त्यात चांदीही कमी. पुढे यंत्रावर पाडलेल्या चारमिनार छापाच्या हाली रुपयाचं उदाहरण घेतलं तर वजन साधारण साडेबाहत्तर वर शंभर, म्हणजे 172.5 ग्रेनच्या आसपास, आणि त्यात शुद्ध चांदी 141 ग्रेनच्या जवळपास. 165 ला 141 ने भागा, उत्तर 1.17 येतं. सातला सहाने भागा, 1.167 येतं. म्हणजे सहा कलदार बरोबर सात हाली हा भाव हवेतून आलेला नव्हता, तो धातूतूनच आलेला होता.

पण सालारजंग यांच्या काळात हा भाव कायद्याने बांधलेला नव्हता. तो बाजारात वरखाली व्हायचा. कापसाच्या हंगामात मुंबईकडचे व्यापारी कलदार घेऊन यायचे, खेड्यात खरेदीला हाली लागायचा, म्हणून हालीला मागणी वाढायची. हंगाम सरला की बाहेरचा माल आणायला कलदार हवा, मग हाली उतरायचा. याचाही फायदा पुन्हा ज्याच्याकडे थांबायची ताकद त्यालाच.

सालारजंग गेल्यानंतर दहा वर्षांनी खरा फटका बसला. 1893 मध्ये इंग्रज सरकारने आपल्या टाकसाळीत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. त्यामुळे कलदाराची किंमत चांदीच्या भावापासून सुटली. हाली मात्र चांदीला बांधलेलाच राहिला. चांदी जगभर स्वस्त होत होती, तिच्यासोबत हालीही घसरला. तेव्हा संस्थानानेही टाकसाळीची रीत बदलली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चारमिनारचा नवा रुपया आणला आणि भाव सहा-सातच्या आसपास धरून ठेवला. सरकारी हिशेबात तो असा लिहीत : 100 कलदार म्हणजे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. हा आकडा जुन्या मुनीम-कारकुनांना तोंडपाठ असायचा. 1918 च्या कायद्याने हाली नोटाही आल्या आणि त्यांवर उर्दूसोबत मराठी, तेलुगू, कानडीतही किंमत छापलेली असे.

जिल्हा, तालुका, रेल्वे, शाळा

रुपया एक करणं ही गोष्ट एकटी उभी राहत नाही. तो गोळा करणारी आणि खर्च करणारी यंत्रणाही एक लागते. 1864-65 च्या सुमारास सालारजंग यांनी महसुलाचं मंडळ नेमलं आणि जिलाबंदी केली. जिल्हे, त्यांचे तालुकदार, त्याखाली तहसील ही जी चौकट आपण आज पाहतो, तिचा पाया मराठवाड्यात तेव्हा पडला. वसुलीचं वंशपरंपरेचं काम देशमुख-देशपांड्यांकडून काढून पगारी अधिकाऱ्यांकडे दिलं आणि त्यांना बदल्यात रसूम म्हणून ठरलेली रक्कम बांधून दिली. धान्याच्या वाट्याऐवजी रोख सारा सुरू झाला. पुढे मराठवाड्यात जमिनीची मोजणीही सुरू झाली.

रोख साऱ्याचा एक कडू भागही होता. पाऊस पडो न पडो, रुपये ठरलेल्या दिवशी भरायचे. त्यासाठी शेतकरी सावकाराकडे जायचा आणि एका जाळ्यातून सुटून दुसऱ्यात सापडायचा. मक्तेदाराचा जुलूम गेला, कर्जाचा राहिला. मराठवाड्याला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

शिक्षणाकडे त्यांचं विशेष लक्ष होतं. हैदराबादला दारुल उलूम त्यांच्याच सुरुवातीच्या काळात निघालं, नंतर मदरसा-ए-आलिया. उत्तर हिंदुस्थानातून सय्यद हुसेन बिलग्रामी, मेहदी अली म्हणजे पुढचे मोहसिनुल्मुल्क, मुश्ताक हुसेन म्हणजे विकारुल्मुल्क, चिराग अली अशी शिकलेली माणसं त्यांनी बोलावून कामाला लावली. 1874 मध्ये वाडी ते सिकंदराबाद रेल्वे धावली. आपल्या परभणी-सेलूकडची मनमाडची लाइन त्यांच्यानंतर, 1900 च्या सुमारास आली.

शत्रू, प्रवास आणि अखेर

एवढं सगळं करणाऱ्याला शत्रू नसतील तर नवलच. 1859 मध्ये दरबारातून बाहेर पडताना त्यांच्यावर गोळी झाडली गेली. 1868 मध्ये पुन्हा हल्ला झाला. दोन्ही वेळा ते वाचले. खुद्द निजाम अफजलुद्दौला यांच्याशीही खटके उडाले आणि दिवाणी जाता जाता राहिली. 1869 मध्ये निजाम वारले, मुलगा महबूब अली खान तीन वर्षांचाही नव्हता. तेव्हा अमीर-ए-कबीर यांच्यासोबत सालारजंग यांनी राज्याचा कारभार सांभाळला.

आयुष्यभर त्यांनी एक मागणी सोडली नाही : वऱ्हाड परत द्या. ज्या कर्जापायी ते घेतलं ते कर्ज फिटलं, आता जमीन आमची आम्हाला द्या. 1876 मध्ये ते युरोपला गेले. पॅरिसमध्ये पडून मांडीचं हाड मोडलं, तरी पुढे इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डने पदवी दिली, लंडन शहराने मान दिला, मेजवान्या झाल्या. वऱ्हाड मात्र मिळालं नाही. 1857 मध्ये ज्यांना वाचवलं, त्यांनी मान दिला, हक्क दिला नाही.

8 फेब्रुवारी 1883 रोजी हैदराबादेत कॉलऱ्याने त्यांचं निधन झालं. वय चौपन्न. तीस वर्षं दिवाणी केली. दायरा मीर मोमिन या कबरस्तानात घराण्यातल्या लोकांशेजारी त्यांना दफन करण्यात आलं.

हाली गेला, शब्द राहिले

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद भारतात सामील झालं आणि त्यानंतर काही वर्षांत हाली रुपया चलनातून कायमचा गेला. पगार, कर्ज, ठेवी, सगळ्यांचे आकडे साताने भागून सहाने गुणून नव्याने लिहावे लागले. ज्याच्या कागदावर सिक्का साफ लिहिलेला होता, त्याचा हिशेब सोपा झाला. ज्याच्या कागदावर नुसतं रुपये होतं, त्याला अडचण आली असणार, हे सांगायला इतिहासकार नको.

वाचकहो, तुमच्या घरात जुनी पेटी असेल, त्यात आजोबा-पणजोबांचा निकाहनामा, जमिनीचं खरेदीखत, गहाणखत असेल, तर एकदा काढून पाहा. उर्दू मोडी वाचता येत नसेल तर गावातल्या जाणत्या माणसाला दाखवा. रकमेपुढे हाली आहे की कलदार, की सिक्का उस्मानिया, हे बघा. आणि तो कागद जपून ठेवा, रद्दीत टाकू नका. आपल्या भागाचा इतिहास अशा कागदांतच शिल्लक आहे.

आणि आज व्यवहार करताना, मग तो महर असो, उसनवारी असो की भावाभावांतली वाटणी असो, सगळं साफ लिहून ठेवा. किती, कशात, केव्हा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आपल्याला कुरआननेच दिला आहे. सालारजंग यांनी एका राज्यासाठी जे केलं ते एवढंच होतं : रुपया कोणता, हे सगळ्यांना एकसारखं कळलं पाहिजे. पुढच्या निकाहात सिक्का रायजुल वक्त हे शब्द कानावर पडले, तर शेजारी बसलेल्या मुलाला त्यामागची ही गोष्ट जरूर सांगा.